येण्याचे कारण

शेवटी खोली नंबर एक पाडली.
म्हणजे भिंत पाडली. खोली कुठे पडते,
ती नुसती रुंद होते.

मेडिकलपासून चालत दहा मिनिटं,
उंटखान्याच्या वळणावर आमचं लॉज.
बावीस वर्षं काउंटरमागे बसून
एकच वाक्य म्हणत आलो :
जेवण नाही, फक्त राहणं.
अहेरीहून, बालाघाटहून, पांढुर्ण्याहून माणसं यायची,
बगलेत एक्स-रेचं मोठं पाकीट,
आणि ते ऐकून मान हलवायची
जणू मी रिपोर्टच वाचून दाखवला.

रजिस्टरात एक रकाना आहे : येण्याचे कारण.
सगळे लिहितात, काम.
कुणी लिहीत नाही, आई.
कुणी लिहीत नाही, किडनी.
रात्री दहाला तेच लोक जिन्यावर बसून
फरसाणाच्या पुडीत मुरमुरे मिसळायचे
आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

"काऊन भाऊ, एक चूल नाही मांडता येत का तुमाले?"
असं शेवंता हेडाऊ म्हणाली,
हातात सतरा चादरींचा गठ्ठा.
"रांधून देतो ना मी."

मंदाकिनीनं कॅल्क्युलेटर काढला :
साडेचारशे गुणिले तीस, साडेतेरा हजार महिना,
उभी खोली डोळ्यांदेखत जाणार.
मुलगा फोनवर पुण्याहून :
पप्पा, आधी कन्सेप्ट ठरवा.
मी म्हटलं, वरण.

पेंटर शकूरभाईंनी लॉजच्याच पाटीखाली
भोजनालय लिहायला घेतलं
आणि फळी भोजनापाशीच संपली.
लय खालच्या ओळीत गेलं.
आता रस्त्यावरून वाचलं तर दिसतं :
भोजना
लय.
पुसू का, म्हणाले. राहू द्या म्हटलं,
आधी लय होऊ तर द्या.

सहा टेबलं, त्यातलं एक लंगडं,
त्याच्या पायाखाली जुनं रजिस्टर घडी करून.
पहिल्या दिवशी सिलिंडर आलाच नाही,
शेजारच्या टायरवाल्याकडून शेगडी आणली.
फळ्यावर मी स्वतः खडूनं लिहिलं :
पाटवडी रस्सा, ज्वारीची भाकर, ठेचा,
भात अमर्यादित.
पहिलं गिऱ्हाईक दारातूनच :
मीठ कमी असलेलं काही आहे का, पेशंटला?
दुसरंही तेच. चौथं तेच.
पाचवं मात्र पत्ता विचारायला आलं होतं.

महिनाभरात सगळ्यात जास्त खपतं ते
जे फळ्यावर लिहिलेलंच नाही :
मऊ खिचडी, डब्यात, बिनतेलाची.
शेवंताचं माहेर गोळीबार चौकात,
तिखटाचं खानदान,
मसाला वाटताना शेजारची तीन घरं शिंकायची.
ती आता मुगाची डाळ घोटते
आणि पातेल्यात बघून म्हणते,
हे तं मायं नाव बुडवून रायलं भाऊ.

सात नंबरमधला अहेरीचा म्हातारा
एकोणीस संध्याकाळी आला,
रोज तोच पितळी डबा, झाकणाला दोरी,
अर्धी प्लेट खिचडी, सुटे पैसे मोजून.
स्वतः काय खायचा ते ठाऊक नाही.
विसाव्या दिवशी डबा नव्हता.
लंगड्या टेबलाशी बसला,
फळा हळूहळू वाचला, बोट फिरवत.
"रस्सा तिखट हाय का?"

मी विचारणार होतो. बावीस वर्षांची सवय,
जीभ रकान्यापर्यंत आली होती.
बरं वाटलं का त्यांना, की...
पण आतून कांदा तडतडला,
शेवंतानं ऐकलं होतं.
तिनं तर्रीचा तो लाल थर
चमच्यानं बाजूला केला नाही.

तो जेवला. घाम पुसला, नाक पुसलं,
मग टोपीनं डोळे पुसले, बराच वेळ.
सावजी रश्श्याचं एक बरं आहे,
डोळे पुसणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

"अजून एक भाकर," तो म्हणाला.
शेवंतानं दोन टाकल्या.