उसवण

हत्तुरे वकिलांनी दोन्ही गाड्या एकाच दिवशी आणून लावल्या
सात रस्त्याच्या मागं, माझ्या पत्र्याखाली.
एक मॉरिस, अडतीस सालची, काळी.
एक काँटेसा, सत्त्याऐंशीची, ताकाच्या रंगाची.
म्हणाले, "कोडम, दोन्हीच्या गाद्या नव्या कर.
आणि खरं सांग, दोघींत भारी कोण?"

मला इंजिनातलं कळत नाही.
मी गाडी बुडाकडून वाचतो.

मॉरिसचं कातडं सुरीनं उसवलं
तर आत घोड्याचे केस, तागाचं फडकं
आणि टाके असे एकसारखे
की घालणाऱ्याच्या पाठीशी कुणीतरी उभं असावं.
पुढची एक जागा खोल खचलेली.
मागची कोरी. स्प्रिंगा अजून कुरकुरतही नाहीत.
मिलच्या साहेबाची गाडी, स्वतःच चालवायचा म्हणे,
बंगला ते गेट, गेट ते बंगला.
एकटा माणूस किती झिजवणार?

काँटेसाचं रेक्झिन नुसतं बोटानं फाटलं.
पिवळा फोम भुगा होऊन मनगटापर्यंत आला,
त्यात शेंगांची टरफलं, एक हेअरपिन,
गड्ड्याच्या जत्रेतली शिट्टी,
बाल्कनीचं अर्धं तिकीट,
दगड झालेले बुंदीचे तीन दाणे.
मागच्या दोन स्प्रिंगा मेलेल्या.

वळायचं असलं की मॉरिस
दाराशेजारून एक छोटा पिवळा हात बाहेर काढते,
उत्तर येणाऱ्या पोरीसारखा.
काँटेसा टिकटिक करते.
न वळताही करते.

माझा नायना साच्यावर होता.
पाळी सुटली की रस्ता माणसांनी भरायचा
आणि मागून मॉरिस.
हॉर्न देत नव्हती, म्हणायचा,
नुसती पाठीशी येऊन उभी राहायची,
आपणच कडेला व्हायचो बे.
ही तीच का, ठाऊक नाही.
काळ्या तेव्हा पाच-सहा तरी होत्या.

काँटेसात मात्र मी बसलोय.
भारतक्काच्या लग्नात भाड्यानं आणली होती.
नऊ जण. मी नवरीच्या पायाशी,
गुडघ्यात नारळांची पिशवी.
एसी आहे, म्हणाला ड्रायव्हर. लावला नाही.
अशोक चौकात वळताना
काच खाली करून मी हात बाहेर काढला,
उगाच, सगळ्या गल्लीनं बघावा म्हणून.

वकील परवा आले. उत्तर पाहिजेच म्हणाले.
"मॉरिसची शिलाई भारी, साहेब."
"आणि काँटेसाचं काय?"
"तिच्यातला कचरा अजून टाकला नाही मी."
ते हसले, हजार रुपये उचल दिली,
मे महिन्यात होईल का, विचारून गेले.

रात्री दहालाही पत्रा तापलेलाच.
दोघींवर चादरी टाकल्या,
मोराच्या, भावाच्या मागावरच्या, दुय्यम मालातल्या.
मॉरिसला एक पुरली.
काँटेसाला दोन जोडून घातल्या,
तरी शेपटाकडून उघडीच राहिली.