चोवीस तासांसाठी

झेलाबाई पाटकरीण आली तेव्हा
मी कुणाच्या तरी सातबाऱ्याची प्रिंट काढत होतो.
नेरच्या स्टँडमागे दुपारी नेटला दोन कांड्या असतात,
वारा पडला की तीन.

तिनं कनवटीची चिठ्ठी उलगडली.
एका बाईचं नाव, पुण्याचं कॉलेज,
खाली इंग्रजीत लांबलचक मथळा.
"हाई बाईनी माले सगळं इचारं," म्हणाली,
"आठ दिन. मन्हा वट्टावर बठीसन."

आठ दिवस रेकॉर्डर चालू होता
आणि झेलाबाई सांगत होती
नवरा गेल्यावर तिला कुणी विचारलंच नव्हतं ते:
पांझरेचं पाणी बंधाऱ्यापाशी कसं वळतं,
पाटातून फडात, फडातून वाफ्यात,
सांडा कधी सोडायचा,
जागल्याच्या वाट्याला किती पेंढ्या,
आणि अमावास्येला, कंदिलाशिवाय,
नुसत्या तळपायाला
पाणी किती उरलंय ते कसं कळतं.

मी शोधलं. सापडलं.
पहिल्या पानावर तिचा हात,
फक्त हात, फावड्याच्या दांड्यावर.
"बांगडी मन्ही शे," ती म्हणाली.
फोटोखाली चार ओळी, मग पांढरं,
मग एक निळी चौकट:
पुढे वाचण्यासाठी एकोणचाळीस डॉलर.
चोवीस तासांसाठी.

मी मनात रुपये केले. बोललो नाही.
रांगेतला पोरगा पुढे वाकला,
"काका, हे फोडता येतं. बाहेरच्या देशातनं फुकट मिळतं."
माझ्या डोक्यावर सेवा केंद्राचा परवाना, काचेत, शिक्क्यासकट.
मी परवान्याकडे पाहिलं, मग पोराकडे.
"आधी तुझा उत्पन्नाचा दाखला काढू," म्हणालो.

स्क्रीन अजून विचारतच होती:
तुम्ही एखाद्या संस्थेचे सदस्य आहात का?
"काय म्हनस ते?"
म्हटलं, विचारतंय, तुम्ही कोणत्या संस्थेच्या.
ती हसली. "सांग, फडनी."

मी टाइप केलं, खरंच.
यादीत जगभरची विद्यापीठं होती, दोन बँका,
एक औषधांची कंपनी.
फड सापडला नाही.

मग तिनं मला समजावलं, शाळेतल्या पोराला समजवावं तसं,
की फडात कुणी आपलं पाणी आपण घेत नाही,
पाटकरी देतो.
पाण्याला मालक नसतो, नंबर असतो.
शेपटाच्या वावराचा धनी घरी घोरत पडला
तरी त्याचा ऊस भिजतो.
"पाटले दार ऱ्हास भाऊ. कुलूप नही."

मी पुण्याच्या बाईंना मेल लिहिला.
अकरा दिवसांनी उत्तर आलं, सोबत बावीस पानं.
लिहिलं होतं: माझी प्रत पाठवते आहे,
झेलाबाईंना माझा नमस्कार सांगा,
आणि कृपया ही कुठे टाकू नका,
लेख माझा असला तरी हक्क माझ्याकडे नाहीत.
हे मी दोनदा वाचलं.
तेवढ्यात लाईट गेली.

संध्याकाळी वट्ट्यावर बसून वाचून दाखवलं,
इंग्रजीतून मराठीत, मराठीतून अहिराणीत,
अडखळत, दोनदा चुकून.
ती डोळे मिटून ऐकत होती,
मधूनच पायाचा अंगठा हलायचा.
चौदाव्या पानावर तिनं हात वर केला.

तिथे लिहिलं होतं: सांडा,
म्हणजे जास्त झालेलं, वाया जाणारं पाणी.

"वाया नही रे," ती म्हणाली.
"ते खालना गावनं शे."

आता हे कुणाला कळवायचं?
चूक सुधारायला तिथे चौकट नव्हती,
पैसे भरायला होती.
मी पेनानं कडेला लिहिलं, तिचेच शब्द,
तारीख घातली.
सकाळी केंद्रात येऊन त्या पानांची एक झेरॉक्स काढली.
तिच्यासाठी.
मशीन तापलेलंच होतं,
म्हणून अजून एक.
ही कुणाची ते मी ठरवलं नाही.
खालच्या गावची असेल.