मागचं सोनं

चित्र चादरीत गुंडाळून
मार्व्याच्या तरीवर घालू देईनात,
तेव्हा मीच मनोरीला आले:
दिवा, भिंग, कापूस, आणि सहा अंडी,
जी इथंही मिळाली असती.

पॉप्लरच्या तीन फळ्या.
कुणा पाद्र्यानं इटलीहून आणल्या म्हणतात; कागद नाही.
मधोमध माय, मांडीवर बाळ,
बाळाच्या मुठीत एक पाखरू, फार घट्ट धरलेलं.
कोपऱ्यात गुडघे टेकलेला देणगीदार, बोटाएवढा.
पैसे देणाऱ्याला तेव्हा
आपली उंची ठाऊक होती.

बस्त्यांव अंकल घंटा वाजवतात,
मेणबत्त्यांचा हिशोब ठेवतात.
"मावली आजारी परलीय," म्हणाले,
"तोंड बग. हिरवा."
मी सांगितलं, कातडीखाली आधी हिरवी माती लावायचे,
वरून गुलाबी. गुलाबी झिजलं की खालचं दिसतं.
"म्हंजे आतून सगलेच हिरवे."
मी कापूस ओला केला.

अशा चित्रांत आकाश नसतं.
मागं सोनं असतं, सपाट,
सकाळ नाही, सांज नाही, भरती नाही.
स्वर्गात हवा कसली, असा त्यांचा विचार असावा.
पण या मायच्या मागं खाडी आहे.
दोन शिडं, एक कललेला ताड,
मिठागराचे चौकोन,
आणि दोरीवर बोंबील,
डावीकडच्या संताच्या प्रभावळीला इतके चिकटून
की त्यानं नाक मुरडलंय असं वाटतं.

हे नंतरचं काम. तेलरंग,
बोटीच्या बुडाला फासतात तो काळा,
हात कच्चा,
पण पाणी पाठ असलेला.

समितीचं पत्र स्पष्ट होतं:
वरचं काढा, मूळ सोनं दाखवा.
शिडाच्या कडेला
नखाएवढी खिडकी उघडली.

लाल माती.
सोन्याखाली अंड्याच्या पांढऱ्यात कालवून लावतात ती.
सोनं नाही.
मातीवर ओरखडे,
बोथट सुरीचे, सावकाश,
मासा खवलतात तसे, शेपटीकडून डोक्याकडे.
ताडाखाली दुसरी खिडकी. तेच.
तिसरी उघडवेना.
सुरी फक्त चेहऱ्यांपाशी थांबली होती.
प्रभावळीला हात नाही.

"पलेगाच्या साली," अंकल म्हणाले,
"पेट्यांना लाकूर नव्हता. तवा खरवरला."
कुणी?
"सगल्यांनी. पालीपालीन."
आणि मेणबत्त्या मोजायला गेले.

रात्री मी गणित केलं, नको असताना.
वरख केवढा पातळ,
जवळ श्वास सोडला तरी उडतो.
आख्खी पाटी खरवडून
फार तर मासाभर, त्यातही माती.
म्हणजे एका पेटीच्या फळ्या.
पेटी लहान मुलाची असेल
तर दोन.

मग कुणीतरी बसला असेल
उघड्या लाल मातीसमोर,
हाताशी उरलेला बोटीचा रंग घेऊन.
सोनं परत करणं शक्य नव्हतं.
दारातून दिसत होतं
तेच त्यानं मागं भरलं.
बोंबीलसुद्धा.

अहवालात लिहिलं:
पार्श्वभूमी सुस्थितीत. काढू नये.
कारणाच्या रकान्यात बराच वेळ
पेन टेकवून बसले, शेवटी लिहिलं, हवामान.

एक खिडकी बुजवली.
दुसरी अंकलांनी बुजवू दिली नाही.
रविवारी पोरांना दाखवणार म्हणे,
काय सांगून, ते विचारलं नाही.

मायच्या गालावरची एक खपली सुटत होती.
जुने कारागीर तरुण चेहऱ्यांना
शहरी कोंबडीचा फिका बलक घ्यायचे,
गावठी पिवळाधमक म्हाताऱ्यांना.
माझ्याकडं गावठीच होती.
गाल आता थोडा थकलेला दिसतो. दिसू दे.

उरलेली पाच अंडी अंकलांनी उकडली.
पायरीवर बसून खाल्ली.
मीठ चित्रात मागं होतं
त्याच चौकोनातलं.