दोन ठिपके

सुहारला, समुद्र गोड करायच्या कारखान्यात
माझं काम पहाटे साडेतीनचं:
रात्रभराच्या नोंदी, दाब, क्लोरीन, खारेपणा,
दर दहा मिनिटांना एक आकडा,
बांधायच्या एका फाईलीत
आणि धाडायच्या मस्कतच्या यंत्राकडे.
त्या यंत्राचं नाव घुब्रा.

माऊसला हात नाही. काळा पडदा, लुकलुकती रेघ.
एससीपी. मोकळी जागा. काय. मोकळी जागा. कुठे.
एवढंच व्याकरण.
वाटेत कुणी कान लावलाच
तर त्याला ऐकू येईल नुसती खरखर,
आमच्या नळ्यांत जेलीफिश अडकल्यावर येते तशी.

पहिल्या वेळी माझ्याच यंत्राने हटकलं होतं:
समोरच्याची ओळख पटत नाही, हा बघा त्याचा ठसा,
तरी पुढे जायचं?
नुसतं हं चालत नाही तिथे,
अख्खं होय टंकावं लागतं.
टंकलं. ठसा कोण वाचत बसतो?
निवासी कार्डाच्या खिडकीवर माझाही
तीनदा उमटला नव्हता,
क्लोरीनने बोटं गुळगुळीत झालेली.
चौथ्यांदा तो पोरगा म्हणाला, जा, खलास.

शैमा अल-बलुशी, शिकाऊ, वय तेवीस,
परवा माझ्या खुर्चीमागे उभी राहून विचारते,
मुहंदिस, घुब्रा इथे कसं?

इथे म्हणजे आमच्याच फोल्डरात.
नोंदींच्या रांगेत एक फाईल,
नाव घुब्रा,
वजन बरोबर कालच्या रात्रीएवढं.

एसी अठरावर, आणि मला घाम.
महिन्याच्या सुरुवातीला ओळ दुरुस्त करताना
यंत्राच्या नावापुढचे दोन ठिपके माझ्या हातून गळले होते.
एकावर एक, विसर्गासारखे;
दुःख लिहिताना बरेच जण गाळतात, तसले.
ते असले तर घुब्रा हे ठिकाण.
नसले तर नुसतं नाव.
यंत्र बिचारं आज्ञाधारक,
त्या नावाची प्रत करतं, इथेच, शेजारी,
आणि चुकलं असं चकार शब्दाने म्हणत नाही.

अकरा रात्री.
अकरा रात्री फाईल तयार होऊन
मस्कतचं नाव लावून बसली,
दुसऱ्या पहाटे तिच्या उरावर दुसरी,
त्याच नावाने.
तिकडूनही कुणी विचारलं नाही.

शैमा हसली. म्हणजे माझ्यासारखंच की.
बलुशी म्हणतात, आजोबांचे आजोबा इथल्या वाळूत पुरलेले,
बलुचिस्तान मी फोनवरच्या नकाशात पाहिलंय.
तिथेही वाळूच दिसते.

मी बोललो नाही काही.
माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर आंजर्लेकर लिहिलंय.
सगळे अंजर म्हणतात,
कँटीनमधला बशीर तर अंजीर.
जन्म महाडचा, शाळा महाडची,
पहिली नोकरी, पहिली उधारी महाडची.
आंजर्ल्याला गेलो दोनदा,
एकदा चुलत्याच्या मयताला, एकदा सातबाऱ्यासाठी.
तलाठ्याने बोट ठेवून दाखवलं,
खालून तिसरं, ते तुम्ही.
दोन गुंठे, चार माड,
त्यातला एक भरतीने नेलेला.
तिथे माझं नाव आहे,
इथे त्या गावाचं.

असो. ओळ पुन्हा लिहिली.
अकराही मूळ नोंदी जागच्या जागी होत्या,
प्रतीचं हे एक बरं, मूळ हलत नाही.
ठिपके दिले, दोनदा तपासले, एंटर.
टक्के चढत गेले.
अकरा रात्रींचं खारं पाणी
नऊ सेकंदांत मस्कतला.

बाहेर बंदरावरच्या क्रेनचे लाल दिवे
अजून विझले नव्हते.
शैमाने पुसायची आज्ञा टंकली,
पुढे नाव लिहिलं, घुब्रा,
आणि एंटरवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं.
उडवू?

म्हटलं, असू दे.
फार जागा घेत नाही ती.