एक-सी-चार-शून्य

देवळालीत सरावाच्या तोफा थांबल्या
की ओंगकित बस धरायची
आणि भद्रकालीत आमच्या शिक्क्यांच्या दुकानावरची
लाकडी शिडी चढून यायची.
नवरा तोफखान्यात हवालदार,
माहेर कालिम्पोंगच्याही वर कुठेतरी.

पहिल्या दिवशी मोबाइल पुढे धरून म्हणाली,
"आईनं तारीख पाठवलीय. वाचा."
पडद्यावर आठ रिकामे चौकोन.
मी म्हणालो, तुमच्या अंकांना पत्ते कधीच मिळालेत,
आत राहायला कोणी आलेलं नाही, एवढंच.
दाखवलं : एक, सी, चार, शून्य.
इथं तुमचं शून्य राहतं.
ती हसली.
"आमच्या शून्याच्या दारावर
पाटी तुमच्या शून्याची?"

खाली वडील रबरावर
उलटा सात कोरत होते.

मग बिलबुकाच्या पाठीवर
तिनं दहा लेपचा अंक काढून दिले.
मी ते रात्री बिंदूंनी बांधत गेलो.
हात सवयीनं देवनागरीकडे झुकायचा.
सहा बघून म्हणाली,
"हा नाशिकचा झाला. जेवून आलाय."
खोडला.

एका रविवारी पांडवलेणी.
दहाव्या लेण्यात दानाचे आकडे :
शंभराला एक खूण, हजाराला एक,
शून्य कुठेच नाही.
"यांनाही पत्ते?"
मिळालेत.
"आणि वाचतं कोण?"
वटवाघळांचा वास होता. मी जिन्याकडे वळलो.

पायथ्याशी पेरूवाली म्हातारी
चिल्लर मोजत होती :
तीन विसा, चार विसा,
चार विसा न् पाच.
ओंगकित जागच्या जागी उभी राहिली.
"खा-कात," म्हणाली. एक वीस.
"आम्हीपण असंच मोजतो."
म्हातारीनं वर न बघता विचारलं,
"किती देऊ?"
"खा-कात."
आणि कसं कोण जाणे,
म्हातारीनं वीस रुपयांचेच तोलले.

फॉन्ट पोचला आषाढात.
चौकोन उघडले, तारीख दिसली.
ती कसली, हे मी विचारलं नाही,
तिनंही सांगितलं नाही,
नुसती बराच वेळ बघत बसली.
संध्याकाळी आईचा निरोप :
सगळे ओळखीचे वाटले,
फक्त पाच जरा लंगडतोय.

वडिलांनी दुकान बंद केलंय.
वर दिवा चालू आहे.
पाचाचा एक बिंदू मी
केसभर डावीकडे सरकवतो,
पुन्हा उजवीकडे.