वीस अंश

फोनमध्ये आई कूलर भरते आहे.
चाळीस सेकंद. उन्हानं पांढरा पडलेला हिरवा पाइप,
वाळ्याच्या ताट्यांवरून निथळणारं पाणी,
आणि एक शिवी, पंपाला उद्देशून.
इतकं स्वच्छ आलंय की थेंब मोजता येतात
आणि मोजून झाले
की पाहण्यासारखं काही उरत नाही.

मी लग्नांचे व्हिडिओ कापते, धरमपेठेतल्या एका गाळ्यात.
जुनेपणा मलाही आणता येतो एका क्लिकवर :
धूळ, थरथर, कडेनं आत गळणारा उजेड.
पण तेच ओरखडे, त्याच जागी,
काटोलच्या नवरीवर आणि कामठीच्याही.

म्हणून गोळीबार चौकात गेले, डोमाजी हेडाऊंकडे.
बाप मागावर बसायचा, हे टॉकीजच्या केबिनमध्ये.
"धाग्याचंच काम, बाई. तिकडे धोटा पळे, इकडे रीळ."
फोन नाकाशी धरून पाहिलं त्यांनी.
"चांगलं तर दिसून रायलं. काहून बिघडवतं?"
उत्तर नव्हतं माझ्याकडे.
शंभर फूट फिल्म होती, काळीपांढरी,
मुदत उलटलेली, कुणाच्या तरी फ्रीजमध्ये
लोणच्यामागे राहून गेलेली.

खिडकीला सोलापुरी चादर. मॉनिटर.
समोर चावीचा कॅमेरा, तिपाईवर विटा.
चाळीस सेकंदांची नऊशे साठ चित्रं.
काका आकडा म्हणत, मी बटण दाबी.
खट.
पुढचं.
खट.
मध्येच लाइन गेली.
अंधारात आम्ही दोघं, आणि बंद पडत जाणारा पंखा.
उजेड आला तेव्हा आकडा हरवला होता :
तीनशे बारा, की तेरा?
"दोनदा घे," काका म्हणाले,
"एका चित्रानं माय काही म्हातारी नाई होत."

रसायनाला वीस अंश लागतात.
बाहेर शेहेचाळीस.
आईच्या फ्रीजमधला सगळा बर्फ बादलीत,
बादलीत टाकी, टाकीत फिल्म,
बाथरूमच्या दाराखाली टॉवेल कोंबून
मी वीस अंश सांभाळत बसले
तापातलं पोर सांभाळावं तशी.
सांभाळले. शेवटपर्यंत.
आणि मग धुवायला
नळ सोडला.

गच्चीवरच्या टाकीचं पाणी. मे महिना.
सांगायला नको.

लेपाला बारीक भेगा पडल्या,
गोरेवाड्याचा काठ पाणी उतरल्यावर तडकतो तशा,
प्रत्येक चित्रावर वेगळ्या.
मी रडकुंडीला आले. काकांनी पट्टी उजेडासमोर धरली,
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "हे नागपूरच आहे."

वाळवायला दोरीवर टांगली.
कूलर बंद ठेवावा लागला, शिंतोडे उडतात म्हणून.
कूलर भरणाऱ्या बाईची फिल्म वाळेपर्यंत
कूलर भरणारी बाई पदरानं वारा घेत बसली
आणि आमच्या दोघांच्या अकलेवर बोलली.

रात्री भिंतीवर लावली.
शिवी गेली होती, फिल्मला आवाज नव्हता,
नुसते ओठ हलले.
"काय म्हणून रायली मी?" आईनं विचारलं.
थेंब आता मोजता येत नव्हते.
भेगांमधून पाणी वाहत होतं, की पाण्यातून भेगा,
आणि तीनशे बाराला, की तेराला,
सगळी धार एका सेकंदाचा चोविसावा भाग
उगीच थांबली.
माझ्याशिवाय कुणाला दिसलं नसेल.

"बर्फ तूच संपवला म्हणजे," आई म्हणाली.
आणि जरा वेळानं,
"लाव आणखी एकदा."

दुसऱ्यांदा चालवली तेव्हा
खांद्यापासून पाइपापर्यंत एक नवा ओरखडा होता.
तो मी टाकला नव्हता.
काकांनी मशीन थांबवलं, पट्टीवरून बोट फिरवलं,
बाप कापडातला तुटला धागा चाचपायचा तसं,
आणि दिवा गार व्हायची वाट पाहत
तिथंच उभे राहिले.