आठ अंश आधी

सलमाबाद, वर्कशॉप नंबर बावीस.
ऑगस्टमध्ये इथं पत्र्याखाली
पाना धरायचा तर आधी ओली चिंधी गुंडाळावी लागते.
हज्जी मन्सूरची अडुसष्टची शेव्हरले
बॉनेट उघडून उभी,
दातांच्या डॉक्टरापुढं आ करून बसावं तशी.

पुलीवरची खूण मी खडूनं पांढरी केली,
टायमिंगची बत्ती धरली.
ही बत्ती फिरतं चाक थांबवून दाखवते,
म्हणजे तसं भासवते.
खूण आठवर दिसायला हवी.
ती चारवर, मग दहावर, परत सहावर,
तापल्या फरशीवर अनवाणी पोर नाचावं तशी.

बिजेश म्हणाला, कार्बुरेटर.
त्याला सगळं कार्बुरेटरच वाटतं.

पॉइंट नवे घातले. कंडेन्सर बदलला.
व्हॅक्यूमची नळी काढून तिच्या तोंडात
खजुराची बी ठोकली. अशी बसते,
जणू कंपनीनंच त्या मापाची काढलीय.
खूण नाचतच राहिली.
स्प्रिंगा पाहिल्या, ठीक.
पुली हातानं मागंपुढं केली, रोटर लगेच हलला,
म्हणजे चेनही ठीक.

एक आठ चार तीन सहा पाच सात दोन.
हे उद्यमनगरात बाळासो मिठारींनी
पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं माझ्याकडून,
तेव्हा आमच्या माहितीत असल्या दोनच गाड्या,
त्यातली एक बंद.
म्हणायचे, पिस्टन वर पोचल्यावर ठिणगी पडून उपेग न्हाय.
जळायला येळ लागतो, लेका.
थोडं आधी. कायम थोडं आधी.
ते गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचलो,
रक्षाविसर्जनाला,
तेही विमान वेळेवर सुटलं म्हणून.

रात्री, एसीचं पाणी बादलीत टपकत असताना,
कॅप काढून शाफ्ट नुसता अंगठ्यानं दाबला.
पॉइंटमधली फट माझ्यादेखत बदलली.
केसभर.
बुशात प्ले होता.
इतकी वर्षं एकाच अंगानं झिजत आलेला,
आणि मी ठिणगीला शिव्या घालत होतो.

लेथ लावला. गनमेटलची कांडी चढवली.
सोनेरी कीस चपलेवर पडत राहिला.
इथं दहा, तिथं साडेबारा,
ऋजुताचा फोन. अजून जागी.
काय करताय, बाबा?
भोक मोठं करतोय, म्हटलं.
कितीनं?
दोन दशमलव शून्य शून्य… जाऊ दे, झोप.

सकाळी खूण आठवर.
भिंतीवर खिळा असावा तशी.
बिजेशनं बत्ती हिसकावून घेतली, पुन्हा पाहिलं,
आणि कार्बुरेटर पुसायला लागला.

हज्जी आला. उलट्या क्रेटवर बसून
बराच वेळ इंजिन ऐकत राहिला.
मग थोडं हिंदी, थोडं अरबी:
भाऊ चालवायचा तेव्हापासून ही खोकायची.
गल्लीच्या तोंडाशी खोकली
की आई चहा ठेवायची.
आता कोणाची गाडी आली, कसं कळणार?

मला उत्तर सुचलं नाही.
म्हटलं, पेट्रोल कमी खाईल.

पैसे त्यानं मोजून दिले, घासाघीस न करता.
दरवाजात थांबला.
जुना तुकडा कुठं टाकलास?

गनमेटल लोहचुंबकाला चिकटत नाही.
म्हणून मी किसाचा ट्रे
वर्तमानपत्रावर पालथा केला,
आणि आम्ही दोघं उकिडवे बसून
बोटांनी चाळू लागलो.